सगळ्यांचाच रक्तगट ‘ए पॉझिटिव्ह’ कसा?

प्रश्न : कर्मचाऱ्यांच्या माहितीचा फॉर्म मी पीएचपीत केला आहे. नवीन नोंद नीट सेव्ह होते. पण तीच नोंद एडिटला उघडली की नाव, फोन बरोबर येतात आणि रक्तगटाच्या ड्रॉपडाउनमध्ये मात्र प्रत्येकाला ‘ए पॉझिटिव्ह’च दिसतं. डेटाबेसमध्ये गट बरोबर आहेत. ड्रॉपडाउनच्या सिलेक्ट टॅगला व्हॅल्यूही दिली आहे. चुकतंय कुठे?

उत्तर : तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात. इनपुटला व्हॅल्यू दिली की मजकूर दिसतो, म्हणून सिलेक्टलाही तसंच चालेल असं वाटतं खरं. पण एचटीएमएलमध्ये सिलेक्ट टॅगला व्हॅल्यू हा अ‍ॅट्रिब्यूटच नाही. ब्राउझर तो मुकाट्याने सोडून देतो, एररसुद्धा देत नाही. (रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत देतात, पण ती रिअ‍ॅक्टची सोय.) जो पर्याय निवडलेला हवा, त्याच्या ऑप्शन टॅगवर ‘सिलेक्टेड’ लिहावं लागतं. ते कुठेच नसेल तर ड्रॉपडाउन यादीतला पहिला पर्याय दाखवतो. तुमच्याकडे पहिला ‘ए पॉझिटिव्ह’ असणार.

तेव्हा लूपमध्ये ऑप्शन छापताना प्रत्येकाची व्हॅल्यू सेव्ह केलेल्या व्हॅल्यूशी ताडून बघा आणि जुळेल तिथेच ‘सिलेक्टेड’ छापा. बाकीच्यांवर ‘सिलेक्टेड इज इक्वल टू फॉल्स’ असलं काही नको. तो शब्द टॅगमध्ये आला की पर्याय निवडला गेला, पुढे फॉल्स लिहा नाहीतर आणखी काही.

आता तुलना. गट क्रमांकाने साठवत असाल आणि डेटाबेसमधून आलेला ३ हा स्ट्रिंग (मजकूर) आणि तुमच्या अ‍ॅरेतला (पर्यायांच्या यादीतला) ३ हा इंटिजर (पूर्णांक) असेल, तर प्रकारही ताडणाऱ्या तीन बरोबरच्या चिन्हांनी ते कधीच जुळणार नाहीत. म्हणून दोनच चिन्हं वापरावीत, तर पीएचपीला नल (मूल्यच नसणं) आणि शून्य सारखेच वाटतात. दोन्ही बाजू आधी स्ट्रिंग करून घ्या आणि मग तीन चिन्हं लावा, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. तरीही जुळलं नाही तर पेजचा सोर्स उघडून बघा. व्हॅल्यूच्या शेवटी एखादी स्पेस चिकटलेली सापडते.

पण हे झालं दिसण्यापुरतं. मला काळजी आहे ती तुमच्या डेटाची. कोणी नुसता फोन नंबर बदलायला फॉर्म उघडला आणि सेव्ह दाबलं, की त्याचा ओ निगेटिव्ह गट गुपचूप ए पॉझिटिव्ह झाला. आजवर एडिट झालेल्या नोंदींमधले ‘ए पॉझिटिव्ह’ त्या त्या माणसाला विचारून पडताळा. रक्तगट आहे, अंदाजपंचे चालणार नाही. आणि यादीत सगळ्यात वर रिकाम्या व्हॅल्यूचा ‘निवडा’ हा पर्याय ठेवून फील्ड रिक्वायर्ड करा. पुढे तुलना फसली तरी फॉर्म निदान अडून बसेल.

फायरफॉक्समध्ये तपासणार असाल तर नुसतं रिफ्रेश करू नका. तो आधीची निवड धरून ठेवतो आणि दुरुस्त कोडही चुकीचा वाटतो. पेज नव्या टॅबमध्ये उघडा.