तुर्कीला निघालीस ना, मग जेवणाचं जरा ऐक

पोरी,

तुझा मेसेज वाचला, सोबतची खायच्या पदार्थांची लांबलचक लिस्टपण बघितली. लिस्ट वाईट नाहीये पण त्यात जवळजवळ सगळे कबाबच आहेत, आणि तुझ्याबरोबर आई येतेय जी अंडंसुद्धा नाइलाजाने खाते, म्हणजे ती बिचारी अख्खी ट्रिप ब्रेड नि काकडीवर काढणार का? शिवाय सगळं इस्तंबूलमध्येच उरकायचं असं तू धरून चाललीयस. तिकडे कामानिमित्त राहिलो तेव्हा मला एक कळलं, की तिथे पदार्थाला गाव असतं आणि वेळ असते. दुसऱ्या गावात, भलत्या वेळी तोच पदार्थ मागितलास तरी मिळेल, पण खाल्ल्यावर 'एवढं काय कौतुक करतात याचं' असं वाटेल. म्हणून काय खायचं हे नंतर, आधी कधी आणि कुठे ते ठरव.

पहिल्या दिवशी दुपारी एखाद्या एस्नाफ लोकांतात जा. बाजारातले दुकानदार, कामगार जिथे दुपारचं जेवतात ती खानावळ. काचेमागे गरम ट्रे मांडलेले असतात, भाषा येत नसली तरी बोट दाखवलं की काम होतं. बाराच्या सुमारास गाठ, स्वयंपाक सकाळी एकदाच होतो आणि तीन वाजेपर्यंत चांगले ट्रे खरवडून झालेले असतात. तिथे कुरु फासुल्ये खा, म्हणजे पांढऱ्या राजम्यासारख्या घेवड्याची टोमॅटोतली रस्साभाजी, बरोबर लोण्यात परतलेला भात आणि मिठाच्या पाण्यातलं लोणचं. दिसायला काहीच नाही, फोटोपण धड येणार नाही, पण तिथल्या माणसाला घरची आठवण याचीच येते. इस्तंबूलला सुलेमानिये मशिदीसमोर नुसत्या फासुल्येवाल्यांची एक ओळच आहे. सुलतानअहमद या पर्यटकांच्या गर्दीच्या भागात फोटोवालं मेनूकार्ड हातात घेऊन कोणी आत बोलवायला लागलं की मात्र सरळ पुढे चालायला लाग.

आता आईचं. हे नीट वाच, कारण इथे भलेभले फसतात. तिथे 'एत' म्हणजे मटण किंवा बीफ, चिकन त्यात धरतच नाहीत, त्यामुळे तू 'एत वार म' म्हणजे 'मांस आहे का' विचारलंस आणि तो अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणाला तरी ताटात चिकन येऊ शकतं. म्हणून 'तावुक' म्हणजे चिकनचं वेगळं विचारायचं आणि 'एत सुयु' म्हणजे मटणाचा स्टॉक, त्याचंही वेगळं विचारायचं. मसूर डाळीचं सूप, मेर्जिमेक चोर्बास, लिंबू पिळून इतकं छान लागतं की आई रोज मागेल, पण बऱ्याच ठिकाणी ते हाडांच्या पाण्यात शिजवतात. फासुल्येतपण कधीकधी मांसाचे तुकडे असतात, भात स्टॉकमध्ये केलेला असू शकतो.

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे झेयतिनयाली. ऑलिव्ह तेलात शिजवून गार करून खायच्या भाज्यांचा हा अख्खा एक वर्ग आहे, मांस नसतंच त्यात. हिरव्या शेंगा, आर्टिचोक, बारबुन्या नावाचा ठिपक्यांचा घेवडा, भात भरलेली द्राक्षाची पानं. गार भाजी ऐकून आई नाक मुरडेल, मुरडू दे, एक घास खाल्ला की बोलायची नाही. एजियन समुद्राच्या बाजूला, इझमिरकडे गेलात तर हे प्रकार जास्त आणि जास्त चांगले मिळतील. एक लक्षात ठेव, ट्रेमध्ये भरलेली वांगी दोन प्रकारची दिसतील, लांबून सारखीच. इमाम बायिल्दी म्हणजे कांदा-टोमॅटो-लसूण भरलेलं, तेलातलं, गार. कार्नियारिक म्हणजे खिमा भरलेलं, गरम. बोट दाखवताना हे डोक्यात असू दे. द्राक्षाच्या पानांचंही तसंच, गार असेल तर भाताची, गरम आणि वर दही असेल तर बहुतेक खिम्याची.

आणि गोडात तर बाईसाहेब आणखी मोठा सापळा आहे. मिठाईच्या दुकानात तावुक ग्योसु नावाची पांढरीशुभ्र, चिकट, दुधाची खीर वडीसारखी कापून ठेवलेली असते. तिच्यात चिकन असतं. खरंच. कोंबडीची छाती उकडून तिचे केसासारखे बारीक धागे करून दूध, साखर, तांदळाच्या पिठात घोटतात, ऑटोमन राजवाड्यातला जुना पदार्थ आहे, आणि सांगितलं नाही तर जिभेला अजिबात कळत नाही. तू जरूर खा. कझानदिबी म्हणजे खालून करपवून खरपूस केलेली खीर, तीही कित्येकदा यापासूनच करतात. आईला सुत्लाच नावाची तांदळाची खीर दे, वरून भट्टीत डाग पडेपर्यंत भाजलेली, बिनधास्त.

रस्त्यावरचं खायचं तर ची कोफ्ते. मुळात उर्फा वगैरे भागात हे कच्चं मटण आणि बुलगुर म्हणजे गव्हाचा रवा तासभर मळून करतात, पण दुकानात कच्च्या मांसाचं विकायला बंदी आली आणि बिनमांसाचं सगळीकडे पसरलं. आता गल्लोगल्ली मिळतं ते बुलगुर, मिरचीची पेस्ट, इसोत नावाची काळपट तिखट मिरची, डाळिंबाचा आंबटगोड रस, वर लेट्यूसचं पान. तिखटाला सोकावलेल्या आपल्या माणसाला तिथल्या जेवणात चौथ्या दिवशी जी चुळबुळ सुरू होते ना, त्यावर हेच औषध. प्यायला आयरान घ्या, ताकच ते, फक्त जिरं-कोथिंबीर नाही आणि जरा दाट.

नाश्त्याला घाई करू नका. काह्वाल्ती म्हणजे टेबलभर छोट्या बशा, चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध आणि कायमाक म्हणजे जाड साय, आणि चहा येतच राहतो, छोट्या कमरेच्या ग्लासात, बिनदुधाचा. दूध मागू नकोस, उगाच बघतील. अंड्याचं मेनेमेन म्हणजे टोमॅटो-मिरचीत घोळवलेली अंडी, त्यात कांदा घालावा की नाही यावर तिथे घराघरात वाद आहेत, 2018 मध्ये वेदात मिलोर नावाच्या खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर पोल घेतला तर चार लाखांवर मतं पडली आणि कांदावाले जेमतेम जिंकले. माझं मत विचारशील तर कांदा नको, पाणी सुटतं. व्हानचा नाश्ता सगळ्यात नावाजलेला, पण ते पार पूर्वेला आहे, तुमच्या रूटवर नाही, सोडून दे.

रूट बदलता आला तर मात्र एकच बदल कर, गाझिअंतेप शहर घाल, तिथले लोक नुसतं अंतेप म्हणतात. कापादोकियातला एक दिवस कमी करून घाल हवं तर, तिथे मडकं फोडून देतात तो कबाब तमाशाच जास्त आहे. अंतेपला दोन पूर्ण सकाळी मिळतील असं बघ, कारण तिथली मजा सकाळची. पहाटे बेयरान पितात, मेंढीच्या मांसाचे धागे, भात, भरपूर लसूण, लाल मिरची, आणि वाटी थेट आगीवर ठेवून उकळत आणून देतात. ते तुझ्यासाठी. आईसाठी कातमेर, पारदर्शक होईपर्यंत ताणलेली पोळी, आत कायमाक, पिस्ता, साखर, घडी घालून भट्टीत भाजलेली. नव्या जोडप्याला लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी हे खाऊ घालायची तिथे पद्धत आहे. हा नाश्त्याचा पदार्थ, संध्याकाळी शोधत फिरू नकोस.

बाक्लावा, म्हणजे पिस्ता भरलेली पापुद्र्यांची मिठाई, तिथेच खा. अंतेपच्या बाक्लाव्याला 2013 मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, तुर्कीतल्या कुठल्याही पदार्थाला ते पहिल्यांदाच, आणि 2015 मध्ये युनेस्कोने शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून यादीत घेतलं. पण हे कागदावरचं झालं. खरं कारण पिस्ता. बाक्लाव्यासाठी तो पूर्ण पिकायच्या आधीच उतरवतात, म्हणून रंग गर्द हिरवा आणि वास तेज, आणि लोणी कढवून घेतलेलं असतं, म्हणजे तूपच की. मध घालत नाहीत, साखरेचा पाक. चांगला कसा ओळखायचा? काटा टोचल्यावर वरचे पापुद्रे मोडल्याचा आवाज आला पाहिजे, बशीत पाकाचं तळं साचायला नको, आणि खाल्ल्यावर घशात जळजळ नको. तिथले जाणकार तुकडा उलटा करून तोंडात घालतात म्हणजे खालची पाकाची बाजू टाळूला लागते, तूही करून बघ. दोन तुकडे पुरे, किलोभर घेऊन हॉटेलवर बसू नकोस. घरी आणायचाच तर निघायच्या दिवशी घे.

कबाबांवर आता थोडक्यात, कारण त्यावर तू आधीच खूप वाचलंयस. इस्केंदर बुर्साचा, तिथेच खा, इस्तंबूलहून बोटीने मुदान्याला उतरून जाता येतं. भाकरीसारख्या जाड पिदेचे तुकडे, वर द्योनेर म्हणजे उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस, टोमॅटो सॉस, बाजूला दही, आणि टेबलावर येऊन कडकडीत लोणी ओततात, तो चर्र आवाज आला की लगेच खायला लाग, फोटो काढत बसलीस तर खालचा पाव लगदा होतो. अदानाचा कबाब झिर्ह नावाच्या मोठ्या वाकड्या सुऱ्याने हाताने मांस चिरून करतात, मशीनचा खिमा वेगळा कळतो. त्याबरोबर शाल्गाम घे, काळ्या गाजराचं आंबवलेलं खारट पाणी, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. कायसेरीला उतरणार असाल, कापादोकियाला विमानाने जाणारे बरेच जण तिथेच उतरतात, तर मांती सोडू नकोस, चमच्यात चाळीस मावतील एवढ्या बारीक मोदकांसारख्या खिम्याच्या गाठी, लसणाचं दही, मिरचीचं लोणी. बीफ चालत नसेल तर आधी विचार, 'दाना' म्हणजे बीफ, 'कुझु' म्हणजे कोकरू.

क्युनेफे, ती चीज भरलेली गोड मिठाई, लिस्टमध्ये आहे ते राहू दे. ते हाताय प्रांताचं, अंताक्याचं, आणि ते शहर 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात जवळजवळ झोपलं, त्यामुळे यावेळी तिकडे नको, तिथले बरेच कारागीर दुसऱ्या शहरांत जाऊन काम करतायत, हातायवाल्यांचं दुकान दिसलं तर तिथे बस. आत चीज वितळलेलं असतं, गरमच खायचं.

हिवाळ्यात गेलात तर इस्तंबूलच्या वेफा भागात 1876 पासूनचं बोझाचं दुकान आहे. बाजरीच्या जातीच्या धान्याचं आंबवलेलं दाट पेय, वर दालचिनी आणि फुटाणे. फुटाणे समोरच्या दुकानातून घेऊन आत न्यायचे असतात. आईला हे आवडेल यावर मी पैज लावतो, तुला मात्र नाही आवडणार.

तारखा अजून पक्क्या नाहीत ना? रमजानचा महिना असेल तर मला आधी कळव. छोट्या गावांत दुपारी लोकांता बंद असतात, वरचं निम्मं वेळापत्रक उलटं करावं लागेल, पण संध्याकाळी भट्टीसमोर रमजानच्या खास पिदेसाठी लागलेल्या रांगेत उभं राहता येईल.

तुझा,
काका