आइल ऑफ मॅनवर एकच दिवस असेल, तर प्राचीन अवशेष आणि लोककथांसाठी काय पाहावं?

माझं मत विचाराल तर आधी उत्तरेकडच्या अँड्रियास गावातलं चर्च गाठा. तिथं थोरवाल्डचा क्रूस आहे, दहाव्या शतकातला. आता त्याचा तुकडाच उरलाय, पण अख्ख्या बेटाचा इतिहास त्यात दिसतो. एका बाजूला व्हायकिंगांचा देव ओडिन: खांद्यावर पक्षी, हातात भाला, आणि फेनरिर लांडगा त्याचा पाय गिळतोय. वळसा घालून मागं जा. तिथं हातात क्रूस आणि ग्रंथ घेतलेली आकृती आहे, शेजारी मासा. जुना धर्म आणि नवा धर्म एकाच दगडावर! हे फोटोत नीट कळत नाही, जवळून बघायलाच हवं.

मग दक्षिणेला क्रेगनीशजवळच्या मील टेकडीवर चढा. तिथं नवाश्मयुगातले १२ दफनकक्ष जोडीजोडीनं वर्तुळात मांडलेत.

लोककथांचा नायक म्हणजे सागरदेव मॅनॅनन. शत्रू आला की तो बेटावर धुक्याचा शेला पांघरतो, असं सांगतात. लोक त्याला खंडणी म्हणून लव्हाळे वाहत. जमलं तर ५ जुलैच्या सुमारास जा. सहसा त्याच दिवशी सेंट जॉन्स गावात टिनवाल्ड (बेटाची संसद) भरतं, तिथल्या टेकडीवरून नव्या कायद्यांची घोषणा मँक्स (बेटाची स्थानिक भाषा) आणि इंग्रजीत होते, आणि वाटेवर आजही लव्हाळे पसरतात.

वेळ उरला तर पीलचा किल्ला पाहा. काळ्या भुताळी कुत्र्याची, मॉडी डूची कथा तिथलीच.