दोन एंटरच्या मधलं काम

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावातून एका बँकेचे मेनफ्रेमवरचे, म्हणजे तिच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, कोबोल भाषेतले प्रोग्राम सांभाळते. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. एंटर दाबलं की खालच्या ओळीत 'थांबा' सांगणारा 'एक्स' येतो आणि ताटकळत बसावं लागतं. घाईत कधी एफ-१२ दाबलं जातं, तर केलेलं कामच जातं. आयएसपीएफच्या (मेनफ्रेमवर आम्ही ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रामच्या) एडिटरसाठी कीबोर्ड कसा लावून घेऊ?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सेलू तालुक्यातल्या घरून मीही अशाच नेटवर रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून सांगते, टॉवरची वाट पाहू नका. आयबीएमनं १९७१ साली ३२७० टर्मिनल (मेनफ्रेमला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) आणलं, त्यात टाइप केलेलं अक्षर लगेच पलीकडे जात नाही. ते तुमच्याच पडद्यावर थांबतं आणि एंटर किंवा एफचं बटण दाबलं की बदललेलं सगळं एकदम जातं. कापूस वेचताना बाया एकेक बोंड धुऱ्यावर नेऊन टाकत नाहीत, ओटी भरली की मगच जातात. तुम्हीही दोन एंटरच्या मधे जितकं काम बसेल तितकं बसवा.

त्यासाठी सगळ्यात आधी एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर त्या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, कीबोर्ड मॅपमध्ये मोठं एंटर 'न्यूलाइन'ला द्या. मग ते दाबल्यावर कर्सर नुसता पुढच्या ओळीवर जाईल, काही पाठवलं जाणार नाही. खरं एंटर उजव्या कंट्रोलवर ठेवा; जुन्या टर्मिनलवर ते तिथंच असायचं. माझ्या लॅपटॉपला उजवं कंट्रोलच नाही, म्हणून मी कंट्रोल आणि एंटर मिळून ते बसवलं आहे. पहिले काही दिवस बोटं चुकतील, पण बदलू नका. 'रीसेट' डाव्या हाताशी सहज लागेल असं ठेवा, कारण लिहिता येत नाही अशा जागी टाइप केलं की कीबोर्ड अडकतो आणि तो रीसेटनंच सुटतो. एफची बटणं आवाज-उजेड कमीजास्त करत असतील तर एफएन लॉक लावा. पडद्याचा आकार २४ ओळींचा असेल तर ४३ ओळींचं मॉडेल-४ निवडा. एका फेरीत जवळपास दुप्पट कोड दिसेल.

एफ-१२चं दुखणं मात्र एम्युलेटरमध्ये शोधू नका. कोणतं बटण दाबलं एवढंच तो कळवतो. त्याचं काय करायचं ते आयएसपीएफ ठरवतं. एडिटरमध्ये असताना कमांड लाइनवर 'कीज' लिहा आणि एफ-१२ समोरचं 'कॅन्सल' खोडून 'रिट्रीव्ह' लिहा. मग ते बटण आधीची कमांड परत आणून देईल. एखाद्या रिकाम्या बटणावर 'सेव्ह' बसवा. हे बदल तुमच्या प्रोफाइलपुरतेच राहतात, सोबतच्यांना त्रास नाही.

ओळीच्या शेवटी जागा दिसत असूनही इन्सर्टमध्ये अक्षर शिरत नसेल तर 'नल्स ऑन ऑल' द्या. माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग आहे. स्क्रोलच्या रकान्यात 'सीएसआर' लिहा, म्हणजे खाली सरकायचं एफ-८ दाबलं की कर्सर असेल ती ओळ वर येईल. एकदम तळाशी जायचं तर कमांड लाइनवर नुसतं 'एम' लिहून एफ-८ दाबा. आणि डावीकडच्या आकड्यांवर एका ओळीला 'डी' (खोडा), दुसरीला 'आर' (पुन्हा उतरवा), तिसरीला 'आय' (खाली नवी ओळ) असं सगळं लिहून शेवटी एकदाच एंटर करा.

लाइन किंवा नेट जाणारच, म्हणून 'रिकव्हरी ऑन' करून ठेवा. पण ती पलीकडे पोचलेलंच परत देते, पडद्यावर राहिलेलं नाही. नेट डळमळतंय असं दिसलं की ओटी अर्धीच असली तरी एंटर करा. कीबोर्ड मॅपची फाइल कंपनीच्या नियमात बसत असेल तर वेगळी जपून ठेवा. लॅपटॉप बदलून मिळाला तर कामी येईल.