प्लास्टर निघालं म्हणजे हाड जुळलं असं नाही

दादा, प्लास्टर परवाच निघालं आणि तुम्ही गाडीला किक मारायचं विचारताय. थोडं थांबा. माझी नडगी मोडली तेव्हा मीही हीच घाई केली होती. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारली आणि संध्याकाळी पाय टम्म सुजला.

मनगट साधारण 6 ते 8 आठवड्यांत जुळतं. नडगीला 3-4 महिने लागतात, कधी जास्तही. सध्या एवढंच बघा:

- मोडलेल्या जागी बोटानं दाबल्यावर दुखतं का?
- भार दिल्यावर नेमकी तिथंच कळ येते का? येत असेल तर हाड बहुतेक अजून कच्चं आहे. सांधा आखडल्याचं दुखणं वेगळं. ते पसरट असतं, व्यायामानं हळूहळू सुटतं.
- एक्स-रे समोरून आणि बाजूनं, दोन्ही हवेत. हाड मोडलं त्या फटीवरून नवं हाड पलीकडं गेलेलं दिसलं पाहिजे. फटीची रेघ पुसायला महिने लागतात, त्याला घाबरू नका.

बिडी-सिगारेट आजच सोडा, त्यानं हाड जुळायला उशीर होतो. कुणाकडून चोळूनही घेऊ नका, ही चूक आपल्याकडं फार होते. किक मात्र डॉक्टरांनी फोटो बघून हो म्हटल्यावरच. तोवर काठी घेऊन घरातल्या घरात चाला, तेवढं पुष्कळ आहे.