एकट्यानं शिडाची होडी चालवून आठवड्याचा शीण जातो का? कोल्हापुरात राहून हे जमेल का?

जातो. पण प्रश्नाखाली तुम्ही "कोल्हापूरकराचा समुद्राशी काय संबंध" असंही लिहिलंय, त्यावर आधी बोलतो. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ साली इंग्रजांना द्यावा लागला, तोवर तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडेच होता. संबंध नाही असं निदान आपण तरी म्हणू नये.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. गेल्या फेब्रुवारीत एक आठवडा असा गेला की कास्टिंगला (ओतीव मालाला) ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, निघतायत, साच्याच्या वाळूतला ओलावा काही केल्या आटोक्यात येईना, आणि गिऱ्हाइकाचा माणूस सारखा फोनवर. शनिवारी रात्री घरी आलो तर बायको म्हणाली, "तुम्ही देवबागला जावा. घरात बसला तर भिंतीशी बोलत बसाल." पहाटे निघालो, राधानगरीवरून फोंडा घाट उतरून मालवणजवळच्या देवबागला पोचलो.

षष्ठी होती. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती आणि साडेदहा-पावणेअकराच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पाणी थांबल्यावर तिथल्या कर्ली नदीच्या खाडीत होडी ढकलली. एका माणसापुरती फायबरची होडी, एकच शीड, मधोमध पाण्यात सोडायची फळी, मागं सुकाणू. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला होता, समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला नव्हता. शीड लोंबतंय, भरती हळूहळू आत नेतेय, आणि डोक्यात अजून ब्लो होलच.

बाराच्या सुमाराला देवबागच्या बाजूचे माड हलले, पाण्यावरून काळपट पट्टा सरकत आला आणि दोरी हातात ताणली. तिथून पुढं फाउंड्री आठवली नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, साधारण पंचेचाळीस अंश सोडून तिरकं जायचं, मग डोकं वाकवून आडव्या काठीखालून दुसऱ्या बाजूला, पुन्हा तिरकं. झोत आला की दोरी सैल करायची, होडी कलली की अंग बाहेर टाकायचं. चुकलं तर लगेच कळतं, बरोबर केलं तरी लगेच कळतं. कारखान्यात सोमवारी ओतलेल्या मालाचा निकाल शुक्रवारी लागतो. साडेचारनंतर पाणी फिरलं, त्याच्यासोबत परत आलो. सोमवारी कामावर गेलो तेव्हा डोकं खरंच रिकामं होतं.

आमच्या थोरल्या दाजींचं म्हणणं वेगळं. "आराम करायचा तर तांबडा-पांढरा जेव आणि झोप. नाहीतर पोरांना घेऊन रंकाळ्यावर जा, भेळ खा. एकटा कोण जातो? ज्याचं घरात पटत नाही तो." हे ते भर पंगतीत, माझ्या सासऱ्यांसमोर बोललेत. पोरांना मी रंकाळ्यावर नेतोच, आणि आवडीनं नेतो. पण झोपून अंग सुटतं, डोकं सुटत नाही. आणि सोबत कुणी असलं की त्याला ऊन लागतंय का, भीती वाटतेय का, हे बघावंच लागतं. आठवडाभर मी माणसंच सांभाळतो. एक दिवस वारा सांभाळला तर त्यात घरावर कसला राग आला?

आता शिकायचं कुठं. कळंबा तलावाचं पाणी पिण्याचं आहे, तिथं विचारही करू नका. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय होडी टाकू नका. पणजीला केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था आहे, तिथं चौकशी करा. यूट्यूबवर बघून एकट्यानं सुटणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट पाहिजेच. शिडाची दोरी कधी बांधून ठेवायची नाही, हातातच धरायची. उलटलेली होडी फळीवर उभं राहून सरळ करणं शिकवणाऱ्यासमोर जमलं पाहिजे, तोवर एकटं जायचं नाही. ओहोटीला खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ फिरकू नका, पाणी बाहेर ओढतं. पाऊणपटीचा हिशेब गावागणिक थोडा पुढंमागं होतो, तिथल्या मच्छीमाराला विचारून घ्या, आणि परतायची वेळ त्यालाच सांगून जा. पावसाळ्यात नाव काढू नका.

दाजींना मी दर वेळी म्हणतो, चला, किनाऱ्यावर बसून नुसतं बघा. ते येत नाहीत. येऊन बघेपर्यंत या बाबतीत त्यांचं मत मी धरणार नाही.