लेव्हीन यांच्याबद्दल एकच ओळ पुरणार नाही

सप्रेम आशीर्वाद.

सेमिनारसाठी तू जीवरसायनशास्त्रज्ञ फीबस लेव्हीन यांचा विषय घेतलास याचा आनंद वाटला. पण ‘चार न्यूक्लिओटाइडांची (बेस, साखर आणि फॉस्फेट मिळून होणाऱ्या घटकांची) चुकीची कल्पना मांडणारे’ एवढ्या एका ओळीत तू त्यांना उरकलं आहेस, ते पटलं नाही. चुकीकडे नंतर जा. आधी डीएनएमधली साखर त्यांनी कशी शोधली ते समजून घे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी 1909 मध्ये यीस्टच्या न्यूक्लिइक आम्लातली, म्हणजे आरएनएमधली, रायबोज ही साखर ओळखली. थायमस ग्रंथीतल्या आम्लाची, म्हणजे डीएनएची, साखर हाती यायला मात्र 1929 उजाडलं. मधली वीस वर्षं का लागली, हाच तुझ्या मांडणीचा गाभा असू दे. आरएनए सौम्य क्षारातही मोडतं (0.3 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, 37 अंश सेल्सिअस, 18 तास), कारण त्याच्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH गट) शेजारच्या फॉस्फेटचा बंध तोडतो. डीएनएत तो हायड्रॉक्सिलच नाही, त्यामुळे साखळी टिकते. आम्ल वापरावं तर प्युरीन बेस (अ‍ॅडेनीन, ग्वानीन) चटकन सुटतात, पण मोकळी झालेली साखर गरम आम्लात तग धरत नाही; तिचं लेव्युलिनिक आम्ल होतं. पिरिमिडीन बेस (सायटोसीन, थायमीन) तर साखरेला घट्ट धरून राहतात. अखेर लेव्हीन आणि लंडन आडनावाचे त्यांचे सहकारी यांनी न्यूक्लिइक आम्लाचं द्रावण कुत्र्याच्या आतड्यातून जाऊ दिलं. तिथल्या विकरांनी ते हळुवार मोडलं, न्यूक्लिओसाइड (साखर आणि बेसच्या जोड्या) अखंड मिळाले आणि त्यांतून डीऑक्सिरायबोज.

तुमच्या प्रात्यक्षिकातल्या, डीएनए मोजण्याच्या डायफिनाइलअमाइन चाचणीचंही मर्म हेच. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवल्यावर येणारा निळा रंग फक्त प्युरीनला जोडलेल्या साखरेचा असतो. म्हणून प्रमाण द्रावण नुसत्या साखरेचं नको, डीएनएचंच घे; नाहीतर आकडा निम्म्यावर येईल.

फॉस्फेट साखरेला कुठे जोडलेला असतो याबद्दलचा, सहकारी टिप्सन यांच्यासोबतचा 1935 मधला तर्क मला सर्वांत देखणा वाटतो. साखरेचं वलय पाच अणूंचं ठरलं, म्हणजे पहिला आणि चौथा कार्बन गुंतले; दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल नाही. मग फॉस्फेटला जागा उरल्या तिसरी आणि पाचवी.

आता चूक. चारही बेस समप्रमाणात आहेत असं धरल्यामुळे डीएनए म्हणजे चार न्यूक्लिओटाइडांच्या चौकडीचं एकक, ही कल्पना पुढे आली; रेणुभार सुमारे 1,250. त्या काळच्या तीव्र आम्ल-क्षारांनी साखळ्या तुकडे होऊनच बाहेर येत, त्यामुळे लहान आकारावर शंका आली नाही. सौम्य पद्धतीने काढलेल्या डीएनएचा रेणुभार 1938 मध्ये सिग्नर, कास्परसन आणि हॅमरस्टेन यांनी पाच ते दहा लाख दिला. समप्रमाणाची कल्पना पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ चारगाफ यांनी केलेल्या बेसच्या मोजणीने मोडली: माणसात अ‍ॅडेनीन सुमारे 30 टक्के, ग्वानीन 20.

स्लाइडवर दोन्ही साखरा शेजारी काढ, कार्बनना क्रमांक दे आणि दुसऱ्या कार्बनवर खूण कर. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा तिथलाच असेल.