फिंगर लेक्सच्या रसाची पहिली वाइन

न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या तळ्यांच्या भागात घरी पहिली वाइन करताय आणि रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचा रस मिळतोय ना? मग सुरुवात छानच आहे. लाल द्राक्षांच्या वाटेला यंदा जाऊ नका, इथल्या छोट्या उन्हाळ्यात ती दरवर्षी नीट पिकतातच असं नाही. सेनेका, क्युकासारख्या खोल तळ्यांच्या उबेवर काठच्या बागा तगतात, तरी आम्लता चढीच राहते.

नवखे इथेच फसतात. रस आंबट लागला की घाबरून साखर ओततात. साखरेने आम्ल कमी होत नाही, अल्कोहोल तेवढं वाढतं. आधी हायड्रोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं साधन, घ्या. २१ ब्रिक्सच्या (म्हणजे वजनाने सुमारे २१ टक्के साखरेच्या) आसपास असेल तर साधारण १२ टक्के अल्कोहोल मिळेल, साखरेचा डबा बंदच ठेवा.

बाकी एवढंच सांभाळा:
- भांडी, नळ्या, बूच सगळं निर्जंतुक. यात आळस नको.
- आंबवणं थंड तळघरात, १५ अंश सेल्सिअसच्या आसपास. उबदार स्वयंपाकघरात फळाचा वास उडून जातो.
- गाळावरून काढलेली वाइन काठोकाठ भरा. वर हवा राहिली की रंग तपकिरी पडू लागतो.

ओकच्या लाकडात मुरवणं, मॅलोलॅक्टिक (जिवाणूंकडून आम्ल सौम्य करून घेणं) वगैरे पुढच्या हंगामात बघू. आणि बाटल्या भरायची घाई नको. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही, पुन्हा मोजा. साखर उरली असेल तर बाटली फुटूही शकते.